वाडेकरांची परतवारी

अजित वाडेकरांच्या नावाला 'नशीबवान कर्णधार' ही उपाधी इतकी वर्षे चिकटून आहे की, तो एक अभिप्राय आहे आणि त्याची तपासणी होऊ शकते, हेच आपण विसरलो आहोत. १९७१ या एकाच वर्षात वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये जाऊन मालिका जिंकणारा हा कर्णधार. पण हे वाक्य पुरे होते न होते तोच दुसरे वाक्य येते. त्याला गावसकर मिळाला, सरदेसाईला ऐन वेळी सूर सापडला, एका दुपारी चंद्रशेखरचा चेंडू हवा तसा उसळला, आणि मुळात कर्णधारपद मिळाले तेही निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतामुळे. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. पण खऱ्या गोष्टी एकापुढे एक मांडल्या म्हणजे निष्कर्षही खरा ठरतो असे नाही.

या निबंधात मला वाडेकरांच्या कारकिर्दीचा एक वेगळा भाग मध्यभागी आणायचा आहे. १९९२-९३ च्या हंगामापासून १९९६ च्या विश्वचषकापर्यंत ते भारतीय संघाचे क्रिकेट मॅनेजर होते. त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांत ही वर्षे शेवटच्या परिच्छेदात, सत्कारसमारंभातल्या परिचयासारखी उरकली जातात. माझे म्हणणे असे की ही वर्षे बाजूला ठेवली तर १९७१ चाही अर्थ नीट लागत नाही.

आधी खेळाडू. जन्म १ एप्रिल १९४१, मुंबई. मुंबईकडून प्रथम श्रेणीचे पदार्पण १९५८-५९ मध्ये, आणि पहिली कसोटी डिसेंबर १९६६ मध्ये, ब्रेबोर्नवर वेस्ट इंडिजविरुद्ध. मधली आठ वर्षे हा माणूस धावांच्या राशी घालत थांबला. १९६६-६७ च्याच हंगामात त्याने म्हैसूरविरुद्ध ३२३ धावा केल्या. कसोटीतले आकडे मात्र त्या मानाने साधे आहेत : ३७ सामने, २११३ धावा, शतक एकच, १९६८ मध्ये वेलिंग्टनला केलेले १४३. मेलबर्नला ९९ वर बाद. मी मात्र त्यांच्या धावांच्या रकान्याकडून नजर काढून शेजारच्या रकान्याकडे नेऊ इच्छितो. ३७ कसोटींत ४६ झेल, तेही यष्टिरक्षक नसताना.

वाडेकर हे फलंदाजाच्या जवळ उभे राहणारे क्षेत्ररक्षक, मुख्यतः स्लिपमधले. तिथे उभ्या माणसाला खेळ वेगळा दिसतो. गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटताना त्याला दिसतो, फलंदाजाचा पुढचा पाय किती टाकला गेला ते दिसते, यष्टिरक्षकाचे हातमोजे कोणत्या उंचीवर येत आहेत तेही दिसते. दिवसभरात नव्वद षटके तो वाकून उभा असतो आणि त्याच्याकडे चेंडू येतो तो दोनदा किंवा तीनदा. करायचे काही नाही, पण ढिले पडायचेही नाही. आमच्याकडे कीर्तनात बुवा एक असतो, पण मागे ध्रुपद धरणारे टाळकरी चुकले तर बुवाचे निरूपण कोसळते. फिरकी गोलंदाज आणि त्याचे जवळचे क्षेत्ररक्षक यांचे नाते काहीसे तसेच आहे.

बेसबॉलमध्ये या जागेचा एक भाऊबंद आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या मध्ये उभा राहणारा खेळाडू, ज्याला तिकडे शॉर्टस्टॉप म्हणतात. आतल्या वर्तुळातला सर्वांत धावपळीचा आणि सर्वांत जास्त हिशेब करणारा माणूस. क्लीव्हलँडच्या लू बूड्रो या शॉर्टस्टॉपला १९४२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, खेळता खेळताच संघाचा मॅनेजर केले गेले. १९४६ मध्ये टेड विल्यम्स या डावखुऱ्या फटकेबाजासमोर त्याने जवळजवळ सगळे क्षेत्ररक्षण एका बाजूला सरकवले आणि १९४८ मध्ये स्वतः फलंदाजीत तळपत विश्वमालिका जिंकली. त्यानंतर बोस्टन, कॅन्सस सिटी, शिकागो अशा संघांचा तो मॅनेजर झाला, पण खेळणे सुटल्यावर ते यश पुन्हा आले नाही. पुढे तो रेडिओवर समालोचन करू लागला.

बूड्रोची आठवण काढण्याचे कारण तुलना नव्हे, फरक आहे. बेसबॉलमध्ये मॅनेजर हुकूम देतो. क्रिकेटमध्ये दोरी पार ओलांडली की सत्ता कर्णधाराची. क्रिकेटच्या मॅनेजरला जे काही करायचे ते आदल्या रात्री, संघनिवडीत, सरावात आणि जेवणाच्या टेबलावर. तेव्हा वाडेकरांची दुसरी खेळी ही पहिल्या खेळीपेक्षा कमी साधनांनी खेळलेली आहे, हे लक्षात ठेवूनच तिचे मोजमाप करायला हवे.

आता 'नशीब'. फेब्रुवारी १९७१, किंग्स्टन. पहिला दिवस पावसात गेला. भारताची अवस्था ५ बाद ७५ झाली असताना दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांनी डाव उभा केला. सरदेसाई २१२, भारत ३८७. वेस्ट इंडिज २१७ वर बाद. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी २०० ची आघाडी लागते. पण पहिला दिवसच वाया गेल्यामुळे नियमाप्रमाणे हा सामना चार दिवसांचा ठरत होता आणि तिथे १५० पुरेत. वाडेकरांनी जाऊन सोबर्सला सांगितले की तुम्हाला पुन्हा फलंदाजी करायची आहे. सामना अनिर्णित राहिला, धावफलकावर त्या निर्णयाने काही बदलले नाही. पण वेस्ट इंडिजला त्यांच्या घरी फॉलोऑन देणारा संघ आणि फॉलोऑन घेणारा संघ यांच्यात पुढच्या कसोटीला उतरताना काय फरक पडतो, हे पोर्ट ऑफ स्पेनला दिसले. तिथे भारत सात गडी राखून जिंकला. सलीम दुराणीने दुसऱ्या डावात लॉइड आणि सोबर्स यांना लागोपाठ परत पाठवले, आणि त्यातला लॉइडचा झेल वाडेकरांनीच घेतला होता. याला नशीब म्हणायचे असेल तर नियमपुस्तक वाचण्यालाही नशीब म्हणावे लागेल. वाडेकर स्टेट बँकेत अधिकारी होते. परिपत्रकातली तळटीप वाचण्याची सवय कुठून आली, हे शोधायला फार लांब जायला नको.

ओव्हलचा सामना तर इतका सांगितला गेला आहे की तो आता दंतकथेसारखा झाला आहे. गणेश चतुर्थी, मैदानावर आणलेली बेला हत्तीण, आणि शेवटच्या दिवशी सुरुवातीलाच धावचीत होऊन ड्रेसिंग रूममध्ये झोपी गेलेला कर्णधार, ज्याला केन बॅरिंग्टनने उठवून विजयाची बातमी दिली. गोष्ट गोड आहे. नशीबवान माणसाची गोष्ट अशीच असायला हवी. मला तिच्यापेक्षा आदल्या दिवसाचा धावफलक जास्त बोलका वाटतो. इंग्लंड सर्वबाद १०१. दहा गड्यांपैकी सात झेलबाद. फ्लेचर आणि नॉट यांचे झेल सोलकरच्या हातात, तेही बॅटच्या इतक्या जवळ की नॉटच्या झेलाचे छायाचित्र पाहताना आजही दचकायला होते. लकहर्स्टचा झेल वेंकटराघवनकडे. चंद्रशेखर १८.१ षटके, ३८ धावांत ६ बळी. आणि या सगळ्यात बिशनसिंग बेदी? एक षटक. जगातला सर्वांत देखणा डावखुरा फिरकी गोलंदाज हाताशी असताना कर्णधाराने त्याला एकच षटक दिले, कारण चंद्रशेखरचा चेंडू यष्टीवर कोणत्या वेगाने येतो आहे हे त्याला दिसत होते. इतर कोणी कर्णधार असता तर शिष्टाचार म्हणून तरी बेदीकडे चेंडू गेला असता. हातात चालते आहे ते मोडायचे नाही, या मुंबईच्या खडूस शिस्तीत वाढलेल्या माणसाचा तो निर्णय होता.

पतौडींच्या चाहत्यांचे म्हणणे इथे बाजूला टाकता येणार नाही. चार फिरकी गोलंदाजांवर भिस्त ठेवण्याची हिंमत प्रथम मन्सूर अली खान पतौडींनी केली; १९६७ मध्ये एजबॅस्टनला बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन चौघेही एकत्र खेळले. क्षेत्ररक्षणाला प्रतिष्ठा त्यांनीच आणली. परदेशातला पहिला मालिका विजय, १९६८ चा न्यूझीलंडमधला, त्यांच्या नेतृत्वाखालचा, आणि वाडेकरांचे एकमेव शतक त्याच मालिकेतले. वाडेकरांना तयार शेत मिळाले, हे मान्य. पण तयार शेतातही वाफसा पाहून पेरावे लागते. पतौडी कव्हरमध्ये उभे राहून संघ चालवत. ती खेळाकडे दुरून, रुबाबात पाहण्याची जागा. वाडेकरांनी तोच संघ स्लिपमधून चालवला. १९७२-७३ मध्ये पतौडी वाडेकरांच्या हाताखाली खेळले आणि भारताने इंग्लंडला २-१ असे हरवले, ही गोष्ट या वादात क्वचितच निघते. दिल्लीची पहिली कसोटी हरल्यावर कोलकात्याला २८ धावांनी आणि मद्रासला चार गडी राखून मिळालेले ते विजय होते. मागे पडून पुढे येण्याला नशीब पुरत नाही.

वाडेकरांचे आत्मकथन 'माय क्रिकेटिंग इयर्स' १९७३ चे आहे, के. एन. प्रभूंनी शब्दबद्ध केलेले. टीकाकार म्हणून मला त्याच्या प्रकाशनवर्षाचीच सर्वांत जास्त अडचण वाटते. ते शिखरावर थांबते. त्यात १९७४ चा उन्हाळा असूच शकत नाही, आणि ज्या आत्मकथनात पराभव नाही ते कर्णधाराबद्दल अर्धेच सांगते. पुढची पिढी १९७४ विषयी वाचते ती इतरांच्या लेखणीतून. गावसकरांच्या 'सनी डेज'मधून, वर्तमानपत्रांतून. वाडेकर स्वतः अबोल. त्यामुळे विजयाची कथा त्यांच्या नावावर आणि पराजयाची कथा इतरांच्या शब्दांत, अशी वाटणी होऊन बसली.

त्या उन्हाळ्याकडे पाहू. तीन कसोटी, तीन पराभव. लॉर्ड्सला इंग्लंडच्या ६२९ धावांपुढे ३०२, आणि मग फॉलोऑननंतर सतरा षटकांत सर्वबाद ४२. त्यातल्या १८ सोलकरच्या, नाबाद. वाडेकरांच्या घसरणीची कारणे सांगताना संघातला बेबनाव, लंडनच्या दुकानातला तो दुर्दैवी प्रसंग, यांच्यावर बरीच शाई खर्च होते. मला कॅलेंडर महत्त्वाचे वाटते. १९७१ ची मालिका जुलै-ऑगस्टमध्ये, इंग्लिश उन्हाळ्याच्या उत्तरार्धात झाली होती. खेळपट्ट्या वापरून झालेल्या, ऊन बऱ्यापैकी. १९७४ ची जूनमध्ये सुरू झाली. थंडी, दमट हवा, स्विंग होणारा चेंडू, बोटे गारठलेले फिरकी गोलंदाज. लॉर्ड्सला चंद्रशेखर जखमी झाला तो निराळाच. ज्या हिशेबावर वाडेकर जिंकत आले होते, म्हणजे फिरकी, जवळचे झेल आणि पुरेशा धावा, त्यातली पहिली संख्याच शून्य झाली. दुसरा हिशेब त्यांच्याकडे नव्हता. कर्णधार म्हणून त्यांच्यावर घ्यायचा खरा आक्षेप हा आहे. तो त्यांच्या नशिबावरचा नव्हे, त्यांच्या पद्धतीच्या मर्यादेवरचा आहे.

शिक्षा मात्र आक्षेपाच्या कितीतरी पट झाली. इंदूरला १९७१ च्या विजयाची खूण म्हणून उभारलेल्या काँक्रीटच्या 'विजय बल्ल्या'ला लोकांनी काळे फासले. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळण्यात आले आणि त्यांनी खेळणे थांबवले. १६ कसोटींचे नेतृत्व : ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित. चारपैकी तीन पराभव त्या एका जून-जुलैतले.

मी हे नरसीत बसून लिहितो आहे. ब्रेबोर्न किंवा ओव्हलवर बसून पाहिलेल्यांची साक्ष इथे नाही. धावफलक आहेत, तारखा आहेत. मुंबईचा अभिमान आणि पतौडींचे आकर्षण या दोन्हींपासून हे अंतर सोयीचे आहे. पण या गावाने मला या विषयासाठी एक शब्दही दिला. नामदेवरायांच्या या जन्मगावी, कयाधूच्या काठी, आषाढ वद्य एकादशीला परतवारीची यात्रा भरते. आषाढीला पंढरपूरला जाऊन आलेला वारकरी इथे येतो, आणि आल्याशिवाय आपली वारी पुरी झाली असे मानत नाही. जाणे सगळ्यांना दिसते. पताका, दिंड्या, वर्तमानपत्रांतली छायाचित्रे. परतणारा थकलेला असतो, त्याच्याकडे कोणी कॅमेरा रोखत नाही. वाडेकरांची १९९२ नंतरची वर्षे मला त्या परतवारीसारखी दिसतात. म्हणूनच ती शेवटच्या परिच्छेदात उरकणे चुकीचे वाटते.

त्यांनी परत येऊन काय केले? तोच हिशेब मांडला, अठरा वर्षांनी. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इंग्लंडचा संघ आला. अनिल कुंबळे, वेंकटपती राजू आणि त्याच मालिकेत पदार्पण केलेला राजेश चौहान, असे तीन फिरकी गोलंदाज. कुंबळेचे तीन कसोटींत २१ बळी. भारत ३-०, त्यातले शेवटचे दोन विजय डावाने. मग झिम्बाब्वेविरुद्ध एक, १९९४ च्या सुरुवातीला श्रीलंकेविरुद्ध तीन. मायदेशात ओळीने सात कसोटी विजय. पुढे वेस्ट इंडिजशी १-१ अशी बरोबरी आणि १९९५ मध्ये न्यूझीलंडवर १-०. कर्णधार अझरुद्दीन, म्हणजे पुन्हा एक अबोल माणूस, आणि तोही उत्तम जवळचा क्षेत्ररक्षक. या काळातल्या धावफलकांवर अझरुद्दीनच्या झेलांकडे लक्ष दिले तर १९७१ च्या धावफलकांचा भास होतो.

यावरचा आक्षेप ठरलेला आहे : घरच्या आखाड्यात, हव्या तशा खेळपट्ट्या करून जिंकलात. आक्षेप रास्त आहे आणि तो पुसून टाकता येत नाही. मात्र त्याच काळात, १९९३ च्या पावसाळ्यात, भारताने कोलंबोला कसोटी आणि मालिका जिंकली. १९८६ च्या लीड्सनंतरचा तो परदेशातला पहिला कसोटी विजय होता. श्रीलंकेचे मैदान फिरकीला साथ देणारे, हे म्हणणारा म्हणेलच. म्हणजे आपण पुन्हा १९७४ पाशीच येतो. वाडेकरांचा हिशेब जिथे चेंडू वळतो तिथे चालतो. मॅनेजर झाल्यावर त्यांनी ही मर्यादा ओलांडली नाही. पण ती ओळखून, तिच्या आत राहून, खचलेल्या संघाला जिंकण्याची सवय लावली. हे कमी काम नाही आणि ते सगळे कामही नाही.

एका ठिकाणी मात्र ते हिशेबाबाहेर गेले. २७ मार्च १९९४, ऑकलंड. नवज्योत सिद्धूची मान आखडलेली. सचिन तेंडुलकरने कर्णधाराला आणि मॅनेजरला गळ घातली की मला सलामीला पाठवा. ४९ चेंडूंत ८२. यात वाडेकरांचे श्रेय किती? शोध त्यांचा नव्हे. मागणी खेळाडूची होती, संधी एका आखडलेल्या मानेची. पण विशीतल्या मुलाचे म्हणणे ऐकून 'हो' म्हणणे हेही मॅनेजरचे काम आहे, आणि त्यानंतर ती जागा त्याच्याकडे राहू देणे हे त्याहून मोठे काम. स्लिपमधला माणूस चेंडूच्या मागे धावत नाही. तो आला की सोडत नाही.

आणि मग कोलकाता, १३ मार्च १९९६. विश्वचषकाची उपांत्य फेरी. नाणेफेक जिंकून भारताने क्षेत्ररक्षण घेतले. अकरा दिवसांपूर्वी दिल्लीत तेंडुलकरचे शतक आणि २७१ धावा असूनही श्रीलंकेने तो पाठलाग सहज पुरा केला होता, त्यामुळे त्यांना पुढे लक्ष्यच ठेवू द्यायचे नाही, असा विचार झाला. पहिल्याच षटकात जयसूर्या आणि कालुवितरणा बाद झाले तेव्हा तो विचार बरोबर वाटला. अरविंद डिसिल्वाने ६६ धावा करून तो मोडला, श्रीलंका ८ बाद २५१. भारत १ बाद ९८, मग तेंडुलकर ६५ वर यष्टिचीत, मग ८ बाद १२०, मग बाटल्या, आग, आणि सामना श्रीलंकेला बहाल. रडत बाहेर आलेला कांबळी सगळ्यांना आठवतो.

मला त्या निर्णयात वाडेकर दिसत नाहीत, आणि हीच माझी त्यांच्यावरची सर्वांत मोठी तक्रार आहे. ज्या खेळपट्टीवर दुसऱ्या डावात चेंडू थांबून वळणार, तिथे आधी धावा करून नंतर फिरकी गोलंदाजांच्या हातात चेंडू आणि बॅटभोवती माणसे, हा तर त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. किंग्स्टनला त्यांनी प्रतिस्पर्धी विसरलेला नियम वाचला होता. ओव्हलला बेदीची प्रतिष्ठा बाजूला ठेवून समोरचे पाहिले होते. कोलकात्याला समोरचे न पाहता दिल्ली आठवली गेली. निर्णयाची अंतिम जबाबदारी कर्णधाराची आणि बैठकीची. पण जो मॅनेजर चार वर्षे त्या बैठकीत बसतो त्याला तिच्या निकालातून वेगळे काढता येत नाही. नशीबवान म्हणून त्यांचे जे कौतुक झाले ते मी नाकारतो, तेव्हा दुर्दैवी म्हणून ही सुटकाही त्यांना देता येत नाही.

विश्वचषकानंतर इंग्लंडच्या दौऱ्यावर संदीप पाटील मॅनेजर म्हणून गेले. वाडेकर पुढे १९९८-९९ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष झाले. खेळाडू, कर्णधार, मॅनेजर आणि अध्यक्ष अशा चारही पायऱ्या चढलेल्या मोजक्या लोकांत लाला अमरनाथ आणि चंदू बोर्डे यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले जाते. २७ वर्षांपूर्वी ज्या खुर्चीतून मर्चंट यांनी त्यांच्या बाजूने मत टाकले, त्या खुर्चीत बसून त्यांनी इतरांची नावे लिहिली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी ते गेले तेव्हा भारतीय संघ इंग्लंडमध्येच होता. तीन दिवसांनी ट्रेंट ब्रिजवर खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून उतरले आणि ती कसोटी भारताने जिंकली. त्या सामन्यात सात झेल के. एल. राहुलने घेतले, बहुतेक स्लिपमध्ये उभे राहून.